लाकडी अंगाची मोटार : विक्रीपूर्वींचा विचार

घर विकतांना माणूस उंबरठ्यापाशीं घुटमळतो. गाय विकतांना तिच्या पाठीवरून एकदां हात फिरवितो. मोटार मात्र तो सहसा कोरड्या मनानें विकतो. चार-सहा वर्षें वापरावी, यंत्र कुरकुरूं लागलें कीं दुसऱ्याच्या गळ्यांत घालावी आणि नवी आणावी, असा सर्वसाधारण रिवाज आहे. परंतु कांहीं मोटारी या रिवाजाला अपवाद असतात. ज्या मोटारीचा सांगाडा पत्र्याचा नसून लाकडाचा आहे, जी अडगळींतून काढून कोणीतरी वर्षानुवर्षें खपून पुन्हां उभी केली आहे, ती विकण्याचा प्रसंग आला म्हणजे प्रश्न केवळ किंमतीचा राहत नाहीं. विकणाऱ्यानें नक्की काय विकावयाचें आणि घेणाऱ्यानें नक्की काय घ्यावयाचें, हें प्रथम ठरवावें लागतें.

समजा, सोलापुरांतील एका कुटुंबाच्या आवारांत अशी एक स्टेशन वॅगन उभी आहे. गृहस्थांनीं ती उमेदीच्या वयांत मोडक्या स्थितींत घेतली. सुताराच्या शेजारीं बसून तिचे दरवाजे घडवून घेतले. दर दिवाळीपूर्वीं तिला व्हार्निशाचा हात दिला. आतां त्यांचें वय झालें आहे. मुलें पुण्यामुंबईस किंवा त्याहूनहि दूर असून त्यांना ना जागा आहे, ना सवड. मोटार तशीच ठेवावी तर चार पावसाळ्यांत तिचें मातेरें होईल; विकावी तर ती कोणाच्या हातीं पडेल याची धास्ती. असा पेंच ज्या घरांत पडतो, तेथें भावनेला वाट मोकळी करून देण्यापूर्वीं कांहीं गोष्टींचें ज्ञान असणें हितावह ठरतें.

प्रथम या मोटारीचें कुळ पाहिलें पाहिजे. ‘स्टेशन वॅगन’ या नांवांतच तिचा जन्म सांगितलेला आहे. अमेरिकेंत आगगाडीच्या स्थानकावर उतरलेल्या उतारूंना त्यांच्या ट्रंका-वळकट्यांसह मुक्कामीं पोंचविण्यासाठीं जी गाडी येई, तीच ही स्टेशनाची गाडी. आधीं ती घोड्याची होती, मग मोटारीची झाली. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ची चासी विकत घ्यावी आणि गांवच्या गाडीकारागिराकडून तिच्यावर लाकडी बांकें, लाकडी कठडे व कापडी छप्पर चढवून घ्यावें, अशी पद्धत प्रथम पडली. १९२९ सालीं फोर्ड कंपनीनें स्वतःच ‘मॉडेल ए’च्या चासीवर अशी वॅगन मोठ्या संख्येनें विक्रीस आणली. मिशिगन संस्थानांत आयर्न माउंटन येथें तिचीं स्वतःचीं अरण्यें व लाकडाचा कारखाना होता. मेपलच्या चौकटी आणि बर्चच्या पातळ फळ्या तेथें तयार होत. उरलेल्या ढलप्यांचासुद्धां कोळसा करून विकला जाई, इतका तो कारभार काटेकोर होता.

इंग्लंडांत याच जातीच्या गाडीला ‘शूटिंग ब्रेक’ म्हणत. शिकारीला निघालेले पाहुणे, त्यांच्या बंदुका आणि कुत्रे एकाच वाहनांतून नेतां यावेत, हा तिचा हेतु. आपल्याकडील संस्थानिकांनींहि अशा गाड्या बाळगल्या होत्या. तेथें चौकटीसाठीं ॲश नांवाचें लाकूड पसंत करीत. कारण तें चिवट असतें आणि धक्का खाऊन मोडण्याऐवजीं किंचित् लवतें. टेनिसची जुनी रॅकेट व हातोड्याचा दांडा ज्या गुणासाठीं या लाकडाचा करीत, तोच गुण मोटारीच्या खांबालाहि हवा असतो.

आज या लाकडाकडे शोभेची वस्तु म्हणून पाहिलें जातें. मूळचें कारण मात्र शोभेचें नव्हतें. थोड्या संख्येच्या गाड्यांसाठीं पोलादी पत्रा दाबण्याचे प्रचंड सांचे करणें परवडत नसे. उलट सुतार, करवत आणि रंधा यांच्या बळावर पन्नास गाड्याहि बांधतां येत. लाकूड हा त्या काळचा व्यवहार होता. व्यवहार बदलला तेव्हां लाकूड गेलें. १९३५ सालीं शेव्हरोलेनें पूर्ण पोलादी ‘सबर्बन’ काढली. १९४६ मध्यें विलीज कंपनीची स्टेशन वॅगन आली. तिचें सारें अंग पोलादाचें, पण ग्राहकांच्या डोळ्यांना लाकडाची संवय झालेली, म्हणून पत्र्यावर लाकडाच्या चौकटीसारखा रंग दिलेला. १९५३ सालच्या ब्यूकनंतर अमेरिकेंतील मोठ्या कारखान्यांतून खऱ्या लाकडी अंगाची वॅगन बाहेर पडली नाहीं. इंग्लंडांत मॉरिस मायनरची ‘ट्रॅव्हलर’ तेवढी १९५३ पासून १९७१ पर्यंत टिकली. तिच्या मागच्या अर्ध्या भागाची ॲशची चौकट शोभेची नसून भार वाहणारी होती.

महाराष्ट्रांत मोटारीचा आणि सुताराचा संबंध याहूनहि निकटचा होता. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईंत शिवडी येथें मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. परंतु मालवाहू व उतारूंच्या गाड्या पुष्कळदां नुसत्या चासीच्या रूपानें विकल्या जात आणि त्यांचें अंग स्थानिक कारागीर चढवीत. कालपर्यंत टांगे, व्हिक्टोरिया आणि छकडे बांधणारे हात आज मोटारीचें अंग बांधूं लागले. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची जी पहिली बस धांवली, तिचेंहि अंग लाकडी होतें आणि छप्पर कापडी होतें. महाराष्ट्रांतील लाखों माणसांना पुढें ज्या लाल गाडीनें जगाशीं जोडलें, तिचें मूळ असें सुताराच्या कामठ्यापर्यंत जातें.

सोलापूरचा या इतिहासाशीं दुहेरी संबंध आहे. १८६० सालीं रेल्वे येथें आली आणि पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर या क्षेत्रांना जाणाऱ्या यात्रेकरूंसाठीं सोलापूरचें स्टेशन हें उतरण्याचें ठिकाण झालें. स्टेशनापासून पुढचा प्रवास बैलगाडीनें, मग टांग्यानें आणि मग मोटारीनें होऊं लागला. स्टेशन वॅगन या कल्पनेची गरज या शहरानें नांव ठाऊक नसतांनाच अनुभवली होती. दुसरा संबंध व्यक्तीचा आहे. हिंदुस्थानांत मोटारीचा कारखाना काढण्याचा ध्यास घेणारे वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालीं सोलापुरांतच झाला. १९४४ सालीं त्यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशीं करार केला, आणि १९४७ मध्यें कुर्ल्याच्या कारखान्यांतून वाहनें बाहेर पडूं लागलीं. याच क्रायस्लर कंपनीची ‘टाउन अँड कंट्री’ नांवाची लाकडी अंगाची गाडी त्या वेळीं अमेरिकेंत ऐटीची समजली जाई.

आतां लाकडाकडे वळूं या; कारण अशा मोटारीची खरी किंमत तिच्या इंजिनापेक्षां तिच्या लाकडांत सांठलेली असते. इंजिन बिघडलें तर तें खोलून त्याचा रोग शोधतां येतो. पट्टे, झडपा, बेअरिंगें हीं करून घेतां येतात. लाकडाचा रोग मात्र आंतून पोखरतो आणि वर व्हार्निशाची चकाकी तशीच राहते.

लाकूड तोडल्यावरहि हवेशीं त्याचा व्यवहार थांबत नाहीं. हवेंत ओलावा वाढला कीं तें फुगतें. हवा कोरडी झाली कीं तें आटतें. हें आकुंचन सर्व दिशांनीं सारखें नसतें. लांबीच्या दिशेनें तें जवळजवळ नसतेंच. रुंदीच्या दिशेनें असतें. आणि त्यांतहि वर्षवलयांना धरून होणारें आकुंचन, गाभ्यापासून सालीकडे होणाऱ्या आकुंचनाच्या सुमारें दुप्पट असतें. म्हणून फळी कशी चिरली आहे यावर ती सरळ राहणार कीं वांकणार हें ठरतें. दरवाजाच्या चौकटींत एक तुकडा उभा व दुसरा आडवा असतो. एकाचे तंतू वर-खालीं, दुसऱ्याचे डावी-उजवीकडे. दोघे वेगवेगळ्या दिशांनीं फुगतात व आटतात, आणि त्यांच्यामधील सांधा दर ऋतूंत थोडाथोडा ओढला जातो. एका तुकड्याची कुसू दुसऱ्याच्या भोकांत घट्ट बसलेली असली व सरस चांगला असला तर सांधा ही ओढ सोसतो. कुसू सैल असली कीं प्रथम केसाएवढी भेग पडते. भेगेंतून पाणी शिरतें. पाण्यामागून बुरशी येते. आणि मग लोखंडी स्क्रूभोंवतीं काळें वर्तुळ दिसूं लागतें. तें वर्तुळ म्हणजे गंज व कुज यांनीं एकत्र येऊन केलेली सही होय.

सोलापूरची हवा लाकडी मोटारीला एका अर्थानें मानवते आणि एका अर्थानें छळते. येथें पाऊस वर्षाला साठ सेंटिमीटरांच्या आसपास पडतो. कोंकणांत तो अडीचशेच्या पुढें जातो. त्यामुळें कुज व बुरशी यांचें भय येथें तुलनेनें कमी. परंतु वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या वर चढतो आणि हवा भाजून निघते, तेव्हां लाकूड आटतें, फळ्यांच्या कडा चौकटीच्या खांचेंतून बाहेर डोकावतात, व्हार्निश उन्हानें तडकतें आणि स्क्रूंची पकड सैल होते. मग ज्येष्ठ-आषाढांतील पहिल्या सरीला तेंच तडकलेलें लाकूड पाणी पितें. म्हणून येथील जाणत्या मालकाची खरी परीक्षा पावसाळ्यांत होत नसून मे महिन्यांत होते. त्यानें त्या महिन्यांत मोटार कौलारू छपराखालीं, वाऱ्यावर पण उन्हाआड ठेवली असेल तर तिचे सांधे शाबूत राहतात. पत्र्याच्या तापलेल्या छपराखालीं किंवा प्लॅस्टिकच्या आवरणांत गुंडाळून ठेवली असेल तर शाबूत राहत नाहींत. वाळवीचें भय तर निराळेंच. चाकांखालीं दगडी फरशी असणें हा त्यावर साधा पण चांगला उपाय आहे.

विकत घेणाराहि या गोष्टी जाणून येतो. तो प्रथम चकाकीकडे पाहत नाहीं. तो दरवाजा अर्धा उघडून सोडून देतो. दरवाजा खालीं झुकला तर बिजागरीचा खांब थकला असें समजावें. मग तो दरवाजाखालील उंबऱ्यासारखी आडवी पट्टी पाहतो, कारण धुतलेल्या गाडीचें पाणी तेथें सांचतें. टोकदार आरीनें तो लाकूड हळूच टोंचतो. निरोगी लाकूड आरीला अडवितें, कुजलेलें तिला वाट देतें. बोटाच्या पेरानें ठोकून तो आवाज ऐकतो; भरीव लाकडाचा आवाज खणखणीत, पोखरलेल्याचा बोदा. विकणाऱ्यानें ही परीक्षा ग्राहकापूर्वीं स्वतः करावी आणि जेथें आरी आंत गेली, तेथें ती कां गेली हें स्वतः होऊन सांगावें. दोष लपविण्यासाठीं भुसा व सरस यांचें मिश्रण भरून वर रंग फिरविणें सोपें असतें. पण चालत्या गाडीचा खांब दगा देतो तेव्हां त्यांत बसलेल्या माणसांच्या जिवाशीं गांठ असते.

येथें जीर्णोद्धाराचा प्रश्न उपस्थित होतो. मोडलेली मोटार दुरुस्त करतांना जुनें किती ठेवावें व नवें किती घालावें? चौकटींतील दहा तुकड्यांपैकीं सात बदलले तर ती जुनी मोटार राहिली काय? पुरीच्या जगन्नाथाच्या काष्ठमूर्ति ठराविक काळानें बदलल्या जातात. नवकलेवराचा तो सोहळा २०१५ सालीं झाला. मूर्तीचें लाकूड नवें होतें, देव तोच राहतो, अशी भाविकांची श्रद्धा आहे. मोटारीच्या बाबतींत ही सलगता श्रद्धेवर सोडतां येत नाहीं. ती पुराव्यानें दाखवावी लागते. चासीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, कारखान्याची पाटी, जुनीं छायाचित्रें आणि काढून ठेवलेले जुने तुकडे हा तो पुरावा.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१३ सालीं ‘ट्युरिनची सनद’ या नांवानें कांहीं तत्त्वें मान्य केलीं आहेत. त्यांचा मथितार्थ असा, कीं आहे तें टिकविणें हें पहिलें कर्तव्य, आणि नवें घालणें हा त्यानंतरचा उपाय. जें नवें घातलें त्याची नोंद ठेवावी आणि तें नवें आहे हें ओळखूं यावें. या दृष्टीनें पाहिलें तर सर्वांत चकचकीत मोटार ही सर्वांत उत्तम जीर्णोद्धाराची खूण नव्हे. ॲशच्या चौकटीऐवजीं सागाची चौकट घातली असेल तर त्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. साग कमी आटतो, वाळवीला दाद देत नाहीं, आणि आपल्या सुताराच्या हाताला तो ओळखीचा असतो. कमीपणा आहे तो सागाला ॲश म्हणून विकण्यांत. एखाद्या साध्या मोटारीच्या चासीवर अलीकडेच लाकडी अंग चढवून ती मूळचीच स्टेशन वॅगन असल्याचें सांगितलें जातें, तेव्हां तर ती सरळ फसवणूक होते. सुताराचें काम कितीहि सुंदर असलें तरी त्याला खोटें वंशवृक्ष जोडण्याची गरज नसते.

आतां कायद्याकडे पाहूं. केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें जुन्या वाहनांसाठीं स्वतंत्र नियम केले. पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जास्त काळ लोटलेलें, खाजगी वापराचें आणि मूळ स्वरूपांत राखलेलें दुचाकी किंवा चारचाकी वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवितां येतें. मूळ स्वरूपांत मोठा फेरफार झालेला असूं नये, ही त्यांतील महत्त्वाची अट आहे. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये असून ती नोंदणी दहा वर्षें चालते. पुनर्नोंदणीस पांच हजार रुपये पडतात. नव्यानें नोंदलेल्या वाहनाच्या क्रमांकांत ‘व्ही. ए.’ हीं अक्षरें येतात. ज्या गाडीची नोंदणी आधींच झालेली आहे, तिला आपला जुना क्रमांक राखतां येतो. जुना क्रमांक हा घराण्याच्या नांवासारखा असल्यामुळें पुष्कळ मालकांना ही तरतूद दिलासा देणारी वाटली.

या नोंदणीबरोबर एक बंधनहि येतें. असें वाहन प्रदर्शनासाठीं, तांत्रिक संशोधनासाठीं, जुन्या मोटारींच्या फेरीसाठीं, इंधन भरण्यासाठीं किंवा दुरुस्तीसाठीं रस्त्यावर आणतां येतें. नित्याच्या किंवा धंद्याच्या वापरासाठीं आणतां येत नाहीं. लग्नाच्या वरातीसाठीं मोटार भाड्यानें देऊन चार पैसे मिळवावेत, असा हिशेब मनांत धरून कोणी अशी गाडी घेत असेल तर विकणाऱ्यानें त्याला ही अट आधींच दाखवावी. नंतर होणारा वाद त्यामुळें टळतो.

मालकीच्या बदलाचे सर्वसाधारण नियमहि ध्यानांत ठेवावयास हवेत. मोटार त्याच राज्यांत विकली तर विकणाऱ्यानें चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानें तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचें असतें. एकोणतीस व तीस क्रमांकाचे नमुने त्यासाठींच आहेत. परराज्यांत विकल्यास मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो. सोलापूरच्या ‘एम. एच. १३’ कार्यालयांतील नोंद जोंपर्यंत बदलली नाहीं, तोंपर्यंत ती मोटार कायद्याच्या दृष्टीनें जुन्याच मालकाची असते, आणि तिच्या हातून घडलेल्या अपघाताचें उत्तरहि त्यालाच विचारलें जाऊं शकतें. परदेशांतील शौकीन चढी किंमत देतात हें खरें. परंतु १९५० पूर्वींच्या मोटारी देशाबाहेर पाठविण्यावर सरकारचे निर्बंध आहेत, हें विसरून कोणाला शब्द देऊं नये.

कराच्या बाबतींत मुंबई उच्च न्यायालयाचा २०२५ सालचा एक निर्णय प्रत्येक मालकानें समजून घेण्यासारखा आहे. एका नोकरदार गृहस्थांनीं १९३१ सालची एक फोर्ड टूरर मोटार १९८३ सालीं वीस हजार रुपयांना घेतली होती आणि पुढें एकवीस लाख रुपयांना विकली. घरगुती वापराची वस्तु विकून झालेल्या नफ्यावर कर पडत नाहीं आणि मोटार ही अशीच वस्तु आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. न्यायालयानें तें मान्य केलें नाहीं. मोटार स्वतःच्या वापरासाठीं उपयोगी पडण्यासारखी आहे, एवढ्यावरून ती प्रत्यक्ष तशी वापरली जात होती असें गृहीत धरतां येत नाहीं. तो वापर पुराव्यानें सिद्ध झाला पाहिजे, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. तसा पुरावा नसल्यामुळें नफा करपात्र ठरला.

या निर्णयांतील बोध कराच्या पलीकडे जाणारा आहे. माणूस आपल्या मोटारीवर किती जीव लावतो हें शेजाऱ्यांना दिसतें, घरच्यांना ठाऊक असतें; पण कागदावर उमटलें नाहीं तर परक्याच्या लेखीं तें घडलेंच नाहीं. पेट्रोलची पावती, सुताराच्या मजुरीची चिठ्ठी, विम्याचा कागद, कुटुंब मोटारींत बसून तुळजापूरला निघालें त्या दिवसाचें छायाचित्र—हे क्षुल्लक वाटणारे कपटे एके दिवशीं साक्षीदार होतात. जो मालक आज मोटार विकणार नाहीं, त्यानेंहि आजच एक वही घालावी हें उत्तम.

किंमत ठरवितांना बहुतेक घरांत एकच चूक होते. मूळ खरेदी, त्यावर केलेला खर्च आणि त्यावर गेलेले रविवार यांची बेरीज मांडून मालक आंकडा काढतो. बाजार अशी बेरीज ओळखत नाहीं. खपून केलेल्या जीर्णोद्धाराचा खर्च पुष्कळदां विक्रींत पुरता भरून येत नाहीं. घेणारा पाहतो तें एवढेंच : गाडी किती दुर्मिळ आहे, किती मूळची आहे, कागदपत्रें किती स्वच्छ आहेत, लाकूड किती निरोगी आहे आणि ती स्वतःच्या बळावर किती अंतर चालते. रविवारांची किंमत त्या रविवारींच वसूल झालेली असते. ज्याला रंध्याखालून निघणाऱ्या सागाच्या ढलपीचा वास लाभला, त्यानें तो पुन्हां विकावयास काढूं नये.

तथापि सर्वांत चढा भाव देणारा ग्राहक तोच सर्वांत योग्य ग्राहक, असेंहि नाहीं. मोटार कोठें जाणार, हें विचारणें विकणाऱ्याचा अधिकार आहे. सोलापूरच्या कोरड्या हवेंत अनेक वर्षें स्थिरावलेलें लाकूड एकदम मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या दमट किनाऱ्यावर गेलें तर तें फुगणार, दरवाजे आवळणार आणि नवा मालक ते जोरानें आदळून सांधे खिळखिळे करणार. अशा ग्राहकाला पहिलें वर्ष दरवाजे तासूं नयेत, लाकडाला नव्या हवेची ओळख होऊं द्यावी, एवढें एक वाक्य सांगितलें तरी मोटारीचें आयुष्य वाढतें. उघड्या अंगणांत ठेवणाऱ्या श्रीमंतापेक्षां छपराची सोय असलेला मध्यम स्थितींतील हौशी माणूस बरा. आणि ज्याच्या ओळखीचा एखादा चांगला सुतार आहे, तो ग्राहक त्याहूनहि बरा.

मोटार देतांना तिच्याबरोबर आणखी तीन वस्तु द्याव्यात. पहिली, बदललेल्या तुकड्यांची पेटी; कुजलेला खांबसुद्धां फेंकूं नये, कारण पुढें नवा घडवितांना मापासाठीं तोच नमुना होतो. दुसरी, कामाची वही. कोणत्या सालीं कोणतें लाकूड घातलें, कोणता सरस व कोणतें व्हार्निश वापरलें, कोणता स्क्रू पितळेचा आहे, हें तींत असावें. तिसरी, ज्या सुतारानें काम केलें त्याचें नांव. मोटारींच्या इतिहासांत कारखानदारांचीं नांवें राहतात, मालकांचीं राहतात, शर्यती जिंकणाऱ्यांचीं राहतात. लाकडी अंगाचा खांब सरळ रेषेंत उभा करणाऱ्या सुताराचें नांव क्वचितच कोठें लिहिलेलें सांपडतें. कारखाना बंद पडला, नकाशे हरवले, तरी ती मोटार पुन्हां उभी राहूं शकली ती त्याच्या हातामुळें. पुढच्या मालकाला त्याची किंवा त्याच्या शिष्याची गरज पडणारच आहे.

पोलादी मोटार यंत्रासारखी झिजते. लाकडी मोटार घरासारखी जुनी होते. तिला दरवर्षीं कोणीतरी डोळ्यांखालून घालावें लागतें, ऋतूंप्रमाणें तिची उठबस ठेवावी लागते. म्हणूनच तिची मालकी ही एका दृष्टीनें पाळीची असते. एकानें आपल्या पाळींत ती सांभाळावी आणि पुढच्याच्या हातीं निरोगी सोंपवावी. वृद्ध मालकानें केवळ जीव तुटतो म्हणून ती दाराशीं कुजूं दिली, तर त्याच्या प्रेमानेंच तिचा घात केला असें होईल. वेळेवर, सचोटीनें आणि सर्व माहितीसह केलेली विक्री ही अशा मोटारीची शेवटची आणि सर्वांत मोठी दुरुस्ती होय.